काकांचं चालू पुस्तक

आमच्या सोसायटीत कुणाचं काय बिघडलंय ते डॉक्टरच्या आधी काकांना कळतं. रोगाचं नाव तेवढं काकांच्या हातात कुठलं पुस्तक आहे त्यावर ठरतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी गुडघ्यांसाठी चालणं आणि मनासाठी तत्त्वज्ञान सुरू केलं. चालणं सुटलं.

फ्रॉइड चालू होता तेव्हा जिन्यात भेटेल त्याला ‘रात्री काय पडलं स्वप्नात?’ शेजारचा मुलगा म्हणाला, पेपर कोरा देऊन आलो. काकांनी त्याच्या वडिलांकडे असं काही पाहिलं की ते बिचारे आठवडाभर काकांना टाळत होते. फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या ग्रंथाच्या पहिल्या 600 प्रती संपायला आठ वर्षं लागली म्हणे. व्हिएन्नात आमचे काका नव्हते, दुसरं काय!

मग आला व्हिक्टर फ्रँकल. नाझींच्या छळछावण्यांतून जगून आलेल्या या माणसाने नऊ दिवसांत सांगून लिहून घेतलेलं, 1946 साली आलेलं पुस्तक. दुःखातही अर्थ सापडू शकतो, हे त्याने स्वतः भोगून लिहिलं. काकांनी ते टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या असलेल्यांना ऐकवलं. ‘अर्थाचं बघू हो, टँकर कधी येतोय ते सांगा,’ असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा काकांना समाजाची कीव आली.

ही सगळी पुस्तकं दुसऱ्यांविषयी लिहिलेली आहेत, अशी काकांची प्रामाणिक समजूत आहे. समासात पेन्सिलीने खुणा असतात, त्यांच्यापुढे फ्लॅट नंबर.

शोपेनहाउअरला गोंगाट सोसत नसे. 1821 साली बर्लिनमध्ये त्याने दाराबाहेर गप्पा मारणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला ढकलून दिलं. काकांनी ही हकिकत वरच्या मजल्यावरच्या, पहाटे मिक्सर लावणाऱ्या वहिनींना रंगवून सांगितली. कोर्टाने पुढे त्याला त्या बाईला वर्षानुवर्षं पैसे भरायला लावले, तो भाग गाळला. वहिनी आता चटणी दुपारी वाटतात. तत्त्वज्ञानाचा सोसायटीला झालेला उपयोग म्हणायचा तर हा एवढाच.

सध्या डॅनियल कानमन चालू आहे. मानसशास्त्रज्ञ असून 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेला माणूस, म्हणजे बँकवाल्या काकांना घरचाच. कुठल्याही व्यवहारात जो आकडा आधी कानावर पडतो तो डोक्यात नांगर टाकून बसतो आणि पुढचा सौदा त्याच्याभोवतीच घुटमळतो, हे काकांनी आम्हाला गेटवर अर्धा तास समजावलं. इतक्यात रद्दीवाला आला. काकांनी आमच्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि त्याच्याआधी आकडा टाकला, ‘चाळीस रुपये किलो!’

रद्दीवाल्याने शांतपणे तराजू पिशवीत घातला.

‘बरं, तुझा भाव काय?’

‘बारा.’

बारानेच गेली रद्दी. काका पैसे मोजत आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘बघितलंत? चाळीस म्हणालो नसतो, तर दहावर आला असता.’