एक टोप, पूर्ण जेवण

खिचडी टाकली की घरातून पहिला प्रश्न येतो, "एवढंच?" डाळिंबीभात केला तर, "बरोबर काय आहे?" कुळथाची पिठी आणि भात असेल तर, "भाजी नाही केली?" एका भांड्यात शिजलेलं अन्न म्हणजे आजाऱ्याचं, कंटाळ्याचं नाहीतर महिनाअखेरचं, ही आपल्या घरांतली पक्की समजूत. ती चुकीची आहे. धान्य, कडधान्य, भाजी आणि खोबरं एकाच टोपात शिजलं म्हणून त्यातला कस कमी होत नाही. ताटातल्या वाट्या मोजून जेवणाची किंमत करणाऱ्याने त्या वाट्या घासतं कोण, हेही कधीतरी मोजावं.

राजापूर तालुक्यातलं नाटे वर्तमानपत्रांना ठाऊक आहे ते शेजारच्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पामुळे आणि १८ एप्रिल २०११ ला प्रकल्पविरोधी आंदोलनात झालेल्या पोलिसांच्या गोळीबारामुळे. त्यावर पुष्कळ लिहून झालं, आणखीही लिहायला हवं. पण त्या गावाला चूलही आहे, आणि आज विषय तिचा आहे. जैतापूरच्या खाडीवर यशवंतगड, त्याच्या अंगाला गाव आणि जवळच साखरीनाटे बंदर. मच्छीमाराच्या घरात जेवणाची वेळ घड्याळावर ठरत नाही. बोट कधी लागेल ते वारा ठरवतो, भरती-ओहोटी ठरवते, जाळ्यात काय आलं ते ठरवतं. बोट लागली की मासळी निवडायची, बर्फात घालायची, उरलेली खारवायची, वाळत टाकायची. यातलं बरंचसं काम बायकांच्या हातचं. तेव्हा चुलीपुढे बसून ढवळत राहावं लागेल असलं अन्न या घराला परवडत नाही. घरच्यांची वाट बघत थांबेल असं अन्न लागतं.

जुन्या चुलीत त्याची सोय आहे. जाळ पुढच्या तोंडाला, आणि मागे वैल. वैलाला स्वतःचा विस्तव नसतो, पुढून येणारी धग तेवढी मिळते. पुढे भाकऱ्या होतात तोवर मागे रात्रभर भिजलेले कुळीथ सावकाश मऊ होतात. टोपाच्या तोंडावर झाकण म्हणून पाण्याने भरलेली खोल ताटली ठेवतात. आतली वाफ ताटलीच्या गार बुडाला लागते आणि थेंब होऊन परत टोपात पडते, त्यामुळे आत पाणी टिकतं आणि बूड लागत नाही. तरीही आटलंच, तर ताटलीतलं पाणी एव्हाना गरम झालेलं असतं, तेच आत ओतायचं. उकळी मोडत नाही. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि कडधान्य पुन्हा हटून बसतं, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा. मंद आंच, झाकलेली वाफ, सांभाळलेलं पाणी, आणि माणूस दुसऱ्या कामाला मोकळा. बाजारात आज 'स्लो कुकर' म्हणून जे मिळतं त्याचं सगळं तंत्र एवढंच आहे.

यात विज्ञानही सरळ आहे. पाणी १०० अंशांना उकळू लागलं की गॅस कितीही मोठा करा, उघड्या टोपातलं अन्न त्याहून तापत नाही. वाढते ती फक्त वाफ. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. म्हणजे उघड्या टोपात खदखदणाऱ्या आमटीतून सिलिंडर छताकडे निघालेला असतो. उकळी आली की गॅस बारीक करा आणि झाका. एवढं एक पथ्य पाळलं तर महिन्याच्या शेवटी फरक हातात दिसतो.

स्लो कुकरच्या जन्माची गोष्ट आपल्या सगळ्या घरांनी ऐकावी अशी आहे. अर्व्हिंग नॅक्सन हा अमेरिकेतला ज्यू संशोधक. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या गावची आठवण सांगितली होती. ज्यू धर्मात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बायका कडधान्याचं आणि मांसाचं भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवत. भट्टीची उरलेली धग रात्रभर ते शिजवी. या पदार्थाचं नाव चोलंट. नॅक्सनने त्या धगीच्या जागी विजेची तार आणली, १९४० साली त्याला पेटंट मिळालं, १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये ते भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आलं. तोवर अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या होत्या, आणि भांडं हातोहात खपलं.

मुद्दा असा की हे भांडं विश्रांतीच्या पोटी जन्मलं. आठवड्यातला एक दिवस रांधणारीनेही हात गुंडाळून बसायचं, हा नियम आधी आला, भांडं नंतर आलं. आपल्या कोकणाला हा नियम परका नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे आपले ज्यू, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. गावाने त्यांचा बंद घाणा पाहिला, मान्य केला, त्यावरून नावसुद्धा ठेवलं. स्वतःच्या घरातली चूल मात्र एक दिवसही बंद ठेवली नाही. आपल्याकडे रविवार उजाडतो तो उलट जास्त कामाचा: मटण, वडे, सोलकढी, भात, आणि दुपारी तीनला भांड्यांचा ढीग. सुट्टी सगळ्यांची, रांधणारी सोडून.

पुरुषावर एकट्याने रांधायची वेळ आली तेव्हा मात्र युक्ती लगेच सुचली. १९१० साली बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. डब्यावर डबा, एकात भात, एकात डाळ, एकात भाजी, खाली कोळशाची छोटी शेगडी. पेटवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. नोकरीपायी एकटे राहणारे आणि प्रवासी यांच्या तो फार उपयोगी पडला. नाट्याच्या समुद्रातही वेगळं काय आहे? बोटीवर भात आणि कालवण शिजतं, सगळे पोटभर जेवतात, 'बरोबर काय' असं तिथे कुणी विचारत नाही. मग तोच प्रश्न घराच्या उंबऱ्याशी कुठून येतो? बोटीवर जे पुरेसं, ते घरी पुरेसं असलंच पाहिजे.

इकमिकची पुढची पायरी आपल्या पुण्यात घडली. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली आणि त्यासाठी २००२ मध्ये तिला ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशावर चालणारा त्यांचा सराई कुकर शंभरेक ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचं जेवण वाफेवर शिजवतो. कोळसा संपला की शिजणं आपोआप थांबतं, राखण लागत नाही. डॉ. कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू. दापोलीजवळच्या मुरुडात वाढलेल्या आजोबांनी बायकांना शाळेत आणलं, नातवाने त्यांना चुलीपासून तासभर सोडवलं. मला या दोन कामांत नातं दिसतं. असली वस्तू प्रत्येक बचतगटाकडे असायला हवी होती आणि नाही, याचं मला वाईट वाटतं.

विजेवरचा स्लो कुकर नाट्यात घ्यावा का? माझं मत नको असं आहे. त्याला सहा-आठ तास अखंड वीज लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा विजेचे खांब कसे आडवे झाले ते आठवा, आणि साध्या पावसाळी रात्रींचा भरवसा तरी कुठे आहे? मध्येच वीज गेली की टोपातलं अन्न तासन् तास कोमट राहतं, आणि ६० अंशांच्या खाली कोमट राहिलेलं अन्न जंतूंना फार मानवतं. त्यापेक्षा जाड बुडाचा टोप, घट्ट झाकण आणि जुनी गोधडी घ्या. खळखळून उकळी आणा, थोडा वेळ बारीक आंचेवर ठेवा, मग उतरवून गोधडीत गुंडाळा आणि पेंढा भरलेल्या खोक्यात बसवा. विजेचं बिल शून्य.

एक पदार्थ नीट सांगतो, कडव्या वालांचा भात. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे. सोललेल्या डाळिंब्या दीड वाटी, तांदूळ दोन वाट्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. त्यावर डाळिंब्या हलक्या हाताने परतायच्या, जोरात ढवळल्या की मोडतात. मग धुऊन निथळलेले तांदूळ, गोडा मसाला, मीठ, गुळाचा खडा आणि साडेचार वाट्या कढत पाणी. उकळी आली की बारीक आंच, वर पाण्याची ताटली, दहा मिनिटं. गॅस बंद करून अर्धा-पाऊण तास गोधडीत. आमसुलं आधी घालू नका, आंबटाने कडधान्य शिजायला वेळ लागतो. डाळिंबी बोटाने चेपली गेली की मगच आमसुलं, ओलं खोबरं, कोथिंबीर. वरून तूप.

टोप एकच, पण वाल सोलायला तासभर जातो. 'एका भांड्यात झटपट' म्हणणाऱ्या सगळ्या पाककृती हा तास गिळून टाकतात. भांडं एक झालं म्हणून काम एकीवरच टाकायचं नाही. वालांचं पातेलं टीव्हीपुढे आणून ठेवा. घरात जितके हात रिकामे असतील तितके त्यात बुडू द्या. दहावीचा मुलगा वाल सोलू शकतो, त्याचा बापही.

दोन इशारे. ताजी मासळी तासन् तास शिजवायची नसते. बांगड्याच्या कालवणात वेळ द्यायचा तो वाटणाला, कोकमाला आणि तिरफळांना. मासा शेवटी सोडायचा, पाच-सात मिनिटं पुरतात. दुसरा इशारा जास्त गंभीर आहे. राजमा कधीही कच्चा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. त्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि मंद आंचेवर ते मरत नाही. ओकाऱ्या आणि जुलाब होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं, शंका असेल तर अर्धा तास, खळाखळा उकळा, मग हवं तितकं सावकाश शिजवा.

आता गणपती येतील. मुंबईकर घरी उतरतील आणि वाट्यांची मोजदाद पुन्हा सुरू होईल. चतुर्थीला मोदक करून बायकांच्या पाठी मोडतात. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, आणि त्या दिवशी परंपरेनेच एका टोपाचं जेवण ठरलेलं आहे: ऋषीची भाजी. अळू, लाल माठ, सुरण, भेंडी, पडवळ, भोपळा, मक्याची कणसं, सगळं एकत्र, फोडणीशिवाय, हिरवी मिरची, आंबट आणि खोबरं घालून मंद शिजवलेलं. ऋषिपंचमीच्या व्रतामागची पाळीच्या विटाळाची कल्पना मला मुळीच मान्य नाही. भाजी मान्य आहे, आणि बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हा नियमही मान्य आहे. तोच नियम एक पाऊल पुढे नेऊ. त्या दिवशी बाईच्या कष्टाचंही खायचं नाही. भाजी निवडणं, चिरणं, टोप चढवणं, उतरवणं, घासणं, सगळं आलेल्या पुरुषांनी करायचं. कणसांचे तुकडे आणि सुरण आधी टाका, पालेभाज्या मागून. सुरण चिरणाऱ्याने हाताला आधी खोबरेल लावून घ्यावं, खाज कमी सुटते.