अडीचशे पौंडांची गाडी

इंग्लंडात कुणी तुमच्या जुन्या गाडीची फारच आपुलकीनं चौकशी करायला लागलं, तर सावध व्हावं. "गाडी काय म्हणतेय?" इथवर ठीक आहे. पण "मागच्या चाकापुढचा पत्रा कसा आहे? गंज-बिंज?" असं विचारताना ज्याचा चेहरा उजळतो, तो क्षेमकुशल विचारत नसतो. अंथरुणाला खिळलेल्या आत्याच्या नाडीवर हात ठेवून तिच्या पाटल्यांचं वजन अजमावणाऱ्या भाच्याची ती चौकशी असते. पत्रा सडावा, गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास व्हावी, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ठणठणीत उरावं, एवढंच त्याचं देवाकडे मागणं असतं.

कारण हा माणूस घरच्या गॅरेजात स्वतःची स्पोर्ट्स कार बांधत असतो. सांगाडा स्वतः जोडायचा किंवा किट म्हणून आणायचा आणि आतला सगळा ऐवज मोडीत निघालेल्या एखाद्या गाडीतून काढायचा. या गाडीला त्यांच्यात डोनर म्हणतात.

या जातीचा मूळपुरुष कॉलिन चॅपमन. त्यानं १९५७ साली लोटस सेव्हन काढली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स पडे, सुट्या भागांच्या खोक्यावर पडत नसे. पण खोक्याबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या, की कर लागू. म्हणून लोटसवाले म्हणे गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना द्यायचे आणि गिऱ्हाईक त्या शेवटून सुरुवातीकडे वाचत जायचं. चॅपमन पुण्यात जन्मला असता तर त्याचा सदाशिव पेठेत पुतळा झाला असता. १९७३ मध्ये व्हॅट आला, पळवाट बुजली, सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. उलटं वाचायची खोड मात्र जी लागली ती लागलीच.

मग १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं. स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, अवघ्या २५० पौंडांत, असा मथळ्यातच दावा. एक इंची चौकोनी पोलादी नळ्या कापा, वेल्ड करा, सेव्हनच्या घाटाची चौकट उभी करा आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव तिच्यात बसवा. त्या २५०च्या आकड्यानं किती सज्जन बरबाद झाले असतील! आकडा खोटा होता असं नाही. तो वाचणारा माणूस खरा हिशेब मांडणारा नव्हता, एवढंच.

कोव्हेंट्रीत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. बालपण किर्लोस्करवाडीच्या आसपास, म्हणजे लेथचा आवाज अंगाईसारखा ऐकलेला. नोकरीभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पुर्जे तपासले आणि निवृत्त झाल्यावर ते पुस्तक हाती पडलं. एस्कॉर्टचा जमाना तोवर सरला होता. मागच्या चाकांना जोर देणारी शेवटची एस्कॉर्ट १९८० साली निघाली. जी काही उरली होती तिच्यावर रॅलीवाल्यांचा आणि हौशी संग्राहकांचा डोळा. फोर्ड सिएराही विरळ होत चाललेली. राहिली माझदाची एमएक्स-फाइव्ह. इंजिन पुढं, जोर मागं, यंत्र दणकट आणि पत्रा मात्र सडका. काकांच्या दृष्टीनं सर्वगुणसंपन्न.

या गाडीच्या कापडी छपराचं पाणी दोन बारीक नळ्यांतून खाली जातं. नळ्या पानांनी तुंबल्या, की पाणी पत्र्याच्या पोकळीत साचतं आणि मागच्या चाकापुढची कड आतून कुजते. काकांच्या समोरच्या बाईंकडे अशीच एक लाल एमएक्स-फाइव्ह होती आणि ती त्या नेमकी मेपलखाली लावायच्या. काका म्हणजे उपदेशाचा अखंड झरा. त्याच बाईंना त्यांनी गवत किती उंचीवर कापावं, कचऱ्याचा डबा कुठल्या अंगाला ठेवावा, बॉयलरचा दाब किती असावा, सगळं सांगितलं होतं. नळ्यांबद्दल मात्र ऑक्टोबरभर ब्र काढला नाही. खिडकीत चहाचा कप घेऊन उभं राहायचं आणि पानगळ बघायची. काकूंना वाटलं, निवृत्तीनंतर माणूस निसर्गाकडे वळला.

ती गाडी नापास व्हायला वेळ लागणार होता, म्हणून काकांनी अवयव सुटे जमवायला सुरुवात केली. या धंद्यातले जाणते सांगतात की डोनर अख्खी घ्यावी, कारण मोठे भाग कुठंही मिळतात. हरवतात ती ब्रॅकेटं, नटबोल्ट आणि ते एक तिरपं लोखंड, ज्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. काकांना हे पाठ होतं. पण अख्खी गाडी घेतली की शोधणं संपलं! मग रविवारी करायचं काय?

डिफरन्शियलसाठी ते काकूंना घेऊन नॉरफोकमधल्या एका खेड्यात गेले. जाहिरातीत लिहिलं होतं, माल स्वतः येऊन न्यावा. काकूंना सांगितलं होतं, सहल आहे. तिथं एका गोठ्यात, ताडपत्रीवर, चिखलासकट तो लोखंडी गोळा पडलेला. आता १.६ लिटरच्या गाडीचा डिफ बहुधा ४.३चा आणि १.८चा बहुधा ४.१चा, पण बाहेरून बघून काय डोंबल कळणार? काकांनी खिशातून खडू काढला. एका बाजूचा फ्लँज स्वतः धरला, दुसऱ्या बाजूचा विकणाऱ्याला धरायला लावला आणि दोघांनी तो एका तालात दहा फेरे फिरवायचा असं ठरलं. पुढच्या फ्लँजवर खडूची खूण, ती किती वेळा वर येते ते काकूंनी मोजायचं. ४१ आले तर घ्यायचा, ४३ आले तर नाही. काकू चांगल्या सहकारी बँकेत नोटा मोजून निवृत्त झालेल्या. पण तिसाव्या फेऱ्याला त्या घरचं कुत्रं येऊन त्यांच्या चपला हुंगायला लागलं. मग पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला एक्केचाळीस भरले. काकांनी भोक उघडून बोट आत घातलं, तेल अंगठ्यावर चोळलं, उन्हाकडे धरलं. लोखंडाचा चकचकीत कण दिसला नाही. तरी चेहरा पाडून ते म्हणाले, "हं... आवाज करेल असं वाटतंय." विकणारा म्हणाला, "माझाही होतो." वीस पौंड कमी झाले.

सगळेच सौदे असे जमत नाहीत. गाडीच्या डिकीतून जुना माल विकतात तशा एका बूट सेलमध्ये फोर्डची चार अलॉय चाकं मातीमोलानं मिळाली. फोर्डचे चार बोल्ट १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावर, माझदाचे १०० मिलिमीटरच्या. आठ मिलिमीटरचा प्रश्न! काकांनी ती चाकं आठवडाभर वेगवेगळ्या कोनांतून लावून पाहिली, जणू धातूला लाज वाटून तो सरकेल. आता त्यांतल्या एकावर बागेचा पाइप गुंडाळलेला असतो.

भारतात आले की काकांची पहिली फेरी नातेवाइकांकडे नसते, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असते. तिथं एकदा त्यांनी कसलासा बेअरिंग-होल्डर मागितला. पोऱ्यानं मान वर न करता दोन मिनिटांत तो आणून समोर आपटला. काका हिरमुसले. मागितलं आणि मिळालं, याला काय अर्थ आहे? अलिबागच्या चिंकारा मोटर्सनं सेव्हनच्या घाटाची गाडी काढली होती, ती मात्र त्यांना मनापासून आवडते. गाडी म्हणून नव्हे. कॉन्टेसातलं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन तिच्यातही बसवलंय, म्हणून.

शेवटी अख्खी एमएक्स-फाइव्ह घ्यावीच लागली, त्या तिरप्या लोखंडासाठी. तिचं वायरिंग उपसून जेवणाच्या टेबलावर आलं. एअरबॅगच्या तारा नकोत, खिडक्याच नसल्यामुळे खिडक्यांच्या नकोत. तार शोधायची, कागदी टेप चिकटवायची, टेपवर लिहायचं. तीन आठवड्यांनी टेबलावर जे उरलं, त्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरात ठिकठिकाणी लिहिलेलं होतं: "हिरवी-पांढरी. बहुतेक महत्त्वाची." चतुर्थीचं सोवळ्यातलं पान त्या घोळाला वळसा घालून मांडलं गेलं.

आता हिशेबाविषयी. काकांची वही आहे आणि ती चोख आहे. डोनर विकत घेतली ती खर्चात. तिचं कडक छप्पर, सीटा, डिकीचं झाकण विकलं ते जमेत. त्यांच्या मते इंजिन फुकटात पडलं. वेल्डिंग मशीन? ते घरदुरुस्तीत, कारण त्यानं फाटकाची बिजागरी जोडली होती. वेल्डिंगचा संध्याकाळचा वर्ग शिक्षणात. पेट्रोल सहलखात्यात. अडीअडचणीला असावा म्हणून घेतलेला दुसरा गिअरबॉक्स गुंतवणुकीत. अशा रीतीनं वही कायम २५०च्या आसपास घुटमळत होती, कधीकधी खालीही जात होती.

गाडी उभी राहिली आणि सरकारशी गाठ पडली. घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर यायला आयव्हीए नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात बाहेरच्या कडांच्या गोलाईची त्रिज्या अडीच मिलिमीटरहून कमी चालत नाही. त्यामुळे परीक्षेपुरती गाडीभर रबरी पट्ट्या आणि बोल्टांना प्लॅस्टिकच्या टोप्या. हे काकांनी हौसेनं केलं. पेच आला तो पुढं. नोंदणीसाठी कुठला भाग कुठून आला त्याच्या पावत्या द्याव्या लागतात आणि गाडीचं वय ठरवता आलं नाही तर नंबर क्यू अक्षरानं सुरू होतो. म्हणजे जन्मभर रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळणार की हिच्या कुळाचा पत्ता नाही. काकांना ते मंजूर नव्हतं.

तेव्हा पावत्या बाहेर आल्या. बुटांच्या खोक्यातून, टूलबॉक्सच्या तळातून, ज्ञानेश्वरीच्या कव्हरातून. फाइल नीट लावायला काकूंखेरीज माणूस नव्हता. त्यांनी चष्मा लावला, तारखेवार गठ्ठे केले आणि बँकेतल्या सवयीनं उजव्या बाजूला बेरीज मांडत गेल्या. काका समोर बसून एक स्वच्छ बोल्ट पुन्हा पुसत होते. वेल्डिंग मशीन आलं, वर्ग आला, दोन्ही गिअरबॉक्स आले, फोर्डची चाकं आली. बेरीज चार आकड्यांत शिरली आणि तिथंही थांबेना.

"अगं, यातलं काही काही धरायचं नसतं," काका म्हणाले.

काकूंनी नॉरफोकची पावती उजेडात धरली.

"अहो, त्या दिवशी स्कोनचे पैसे मी दिले होते. ते कुठं लिहिलेत?"