तंबूकाका

बडोद्याजवळच्या बाजव्यात कारखान्यातून निवृत्त झालेल्या मराठी माणसाला तीन वाटा असतात. एक सत्संगाची, दुसरी सोसायटीच्या कमिटीची आणि तिसरी जंगलाची. पहिल्या वाटेने गेलेल्यांचा कुणाला त्रास नाही. दुसऱ्यांचा त्रास पाणी सोडायच्या वेळेपुरता. तिसऱ्या वाटेचा गृहस्थ मात्र एकटा जात नाही, आपल्याला घेऊन जातो. तो तंबूकाका.

तो ओळखायला सोपा. पँटीला गरजेपेक्षा सहा खिसे जास्त, कमरेला किल्ल्यांच्या जोडीला छोटी कुऱ्हाड, आणि कपाळावर पट्ट्याचा टॉर्च, तोही सकाळी दूध आणायला जाताना. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच त्याच्या गच्चीवर तंबू उभा राहतो. शेजारच्या बेनना वाटतं, घरात लग्न निघालं. त्या मंडपवाल्याचा भाव विचारून जातात.

काकांची हयात अमोनियाच्या प्लँटवर पाळ्या करण्यात गेली. त्यामुळे सहल हा शब्द त्यांना माहीत नाही, त्यांच्या लेखी तो ‘शटडाउन’ असतो. पंधरा दिवस आधी यादी निघते. खुंट्या, दोऱ्या, हातोडी, जादा खुंट्या, जादा दोऱ्या, आणि हातोडीचा दांडा निसटला तर दुसरी हातोडी. प्रत्येक वस्तूपुढे सहीचा रकाना. काकूंनीही तिखटमिठाच्या डब्यापुढे सही करायची. काकू दशम्या आणि ठेपले एकाच डब्यात भरतात, लीलो चिवडो वेगळा बांधतात आणि सही न करता पेन परत देतात.

वाहन म्हणजे जुनी ओमनी. मागचं बाक काढून तिथे गादी, खिडक्यांना काकूंच्या जुन्या पातळाचे पडदे, छतावर पाण्याचं पिंप. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा काकांनी बातमीचं कात्रण लॅमिनेट करून डॅशबोर्डला चिकटवलं. गाडी जीजे-06 पासिंगची, त्या धोरणाशी तिचा काडीचा संबंध नाही, असं कुणी म्हणालं की ते म्हणतात, ‘‘अरे, गायकवाडांचं बडोदं आहे हे. आपण काय परके?’’

जायचं कुठे, तर जांबुघोड्याला. बडोद्याहून अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, पण तयारी मानसरोवराची. हालोलला चहा झाला की पावागड दिसू लागतो आणि व्याख्यान सुरू होतं. चांपानेर-पावागड 2004 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, हे काका अशा थाटात सांगतात की अर्जावर त्यांचीच सही असावी. शिवराजपूर आलं की मँगनीजच्या खाणी आणि तिथली बंद पडलेली छोटी रेल्वे. त्यानंतर साग, बांबू, पळस आणि मोहाची झाडं लागतात आणि काका पहिल्यांदाच गप्प बसतात. कारण अरुंद रस्त्यावर ओमनीचं पिंप फांद्यांना घासत असतं.

जांबुघोडा 1990 पासून अभयारण्य आहे. बिबटे आहेत, अस्वलं आहेत, आणि वनखात्याची राहण्याची सोयही आहे. तिथे पक्क्या खोल्या मिळतात, पण खोलीचं नाव काढलं की काकांचा चेहरा पडतो. परवानगी घेऊन ते तंबूच ठोकतात. तंबूवर ‘चार माणसांसाठी’ असं छापलेलं असतं. ही चार माणसं कारखानदाराने कुठून मोजली कोण जाणे. आमच्यातली दोन आत गेली की तिसऱ्याचे पाय दव खात बाहेर.

तंबू उभा राहायच्या आधी बांबूला काकूंची निळी ओढणी बांधली जाते. ही वाऱ्याची दिशा दाखवणारी. मग सगळ्यांना रांगेत उभं करून सूचना. ‘‘वायू सुटला तर वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं पळायचं. जमायची जागा ते मोठं झाड.’’ जांबुघोड्याच्या रानात कोणता वायू सुटणार, असं विचारायची सोय नसते. शेकोटीलाही परमिट लागतं. वनखात्याचा नियम आहेच, अभयारण्यात वाटेल तिथे जाळ करता येत नाही, आणि सागाची वाळलेली पानं पेटायला वेळ लागत नाही. पण काकांचं परमिट वेगळं. त्यावर वेळ, जागा, वाळूच्या बादल्यांची संख्या आणि ‘काम पूर्ण झाल्याची नोंद’. नोंद होईपर्यंत चहा मिळत नाही.

एकदा चैत्रात गेलो होतो. काकांनी डौलदार झाड पाहून त्याच्याखाली तंबू ठोकला, तेच झाड जमायची जागा म्हणून जाहीर केलं आणि जमिनीवर पडलेली पिवळट फुलं काकूंना कौतुकाने दाखवली. दिवेलागणीला वनरक्षक आला. त्याने झाडाकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं, आणि अगदी आदराने म्हणाला, ‘‘काका, महुडा नीचे तंबू ना बंधाय. रींछ आवशे.’’

मोहाची फुलं गळायला लागली की अस्वल ती खायला रात्री येतं. रानातल्या पोराटोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट काकांच्या यादीत नव्हती. तिथे दुसऱ्या हातोडीलाही रकाना होता, अस्वलाला नव्हता. काका क्षणभर स्तब्ध झाले. मग त्यांनी शिट्टी फुंकली, ‘मॉक ड्रिल’ जाहीर केलं, आणि सगळ्यांनी पंचवीस खुंट्या अंधारात उपटल्या. गोंधळात एक मावशी सूचनेनुसार जमायच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना मोहाखालून ओढून आणावं लागलं. काकू तोवर ओमनीत गादीवर आडव्या झाल्या होत्या. ‘‘घरी पलंग आहे हो आपल्याकडे,’’ एवढंच त्या पडद्याआडून म्हणाल्या.

तंबू नव्या जागी गेला. अस्वल काही आलं नाही, आलं असेल तर आम्हाला कळलं नाही. पण काका झोपले नाहीत. त्याचं कारण भीती नव्हे. बाजव्यात रात्री मुंबई-अहमदाबाद लाइनवरून मालगाडी धडधडत जाते, कोयलीच्या रिफायनरीची ज्योत आभाळ तांबूस करते, वाऱ्यावर खताचा वास येतो. या सगळ्यात जन्म काढलेल्या माणसाला जांबुघोड्याचा ठार काळोख म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण वाटते. मध्यरात्री ते माझ्या पायाला हलवून म्हणाले, ‘‘अरे, आवाज का बंद झाला? प्लँट ट्रिप झाला की काय?’’

‘‘काका, जंगल आहे.’’

‘‘हो हो. तेच म्हणतो,’’ ते म्हणाले, आणि टॉर्च लावून लॉगबुक लिहायला बसले. सकाळी मी ते उघडून पाहिलं. वारा मंद, आग विझवली, पाणी अर्धं पिंप, वन्यप्राणी निरंक, डास पुष्कळ. खाली शेरा: पुढील शटडाउनला अस्वलाचा रकाना वाढवणे. सहीची जागा अस्वलासाठी मोकळी ठेवली होती.