परवाना नको, दोरी धरा

फ्रान्समध्ये तुम्ही स्वतःची बोट घेतली आणि तिचं इंजिन सहा अश्वशक्तीच्या वर असलं, तर ती चालवायला परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा असते, अभ्यास असतो, फी असते. पण तुम्ही सुट्टीला म्हणून कालव्यावर गेलात आणि दुसऱ्याची बारा मीटर लांब बोट भाड्याने घेतलीत, दोन-तीन झोपायच्या खोल्या, गॅसची शेगडी आणि संडासासकट, तर परवाना लागत नाही. थोडक्यात, स्वतःची बोट बुडवायला सरकारची परवानगी हवी; दुसऱ्याची बुडवायला अनामत रक्कम पुरते.

आपल्याकडे आरटीओत स्कूटरवरून आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकला की नापास. एकदा पास झालं की पुढे जन्मभर आठचा आकडा काढायचा प्रसंग येत नाही. फ्रान्समधल्या कॅनाल द्यु मिदीवर सगळं उलटं आहे. तिथे परीक्षा नाही आणि पहिल्याच तासात बोट आपण होऊन आठचा आकडा काढते.

हा कालवा तुलूझहून निघून भूमध्य समुद्राकाठच्या खाडीपर्यंत 240 किलोमीटर जातो. तुलूझ हे विमानांचं गाव. आमची लेक आणि जावई तिथे नोकरीला. ‘आईबाबांना जरा निवांत काहीतरी दाखवू’ अशा शुद्ध हेतूने जावईबापूंनी बोट ठरवली. आम्ही दोघं, माझी मेहुणी आणि साडू, शिवाय तरुण जोडपं असा जथा होता. साडू पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे आमच्यात कालव्याबद्दल सर्वांत जास्त बोलण्याचा अधिकार त्यांचा होता आणि तो त्यांनी विमानात बसल्यापासूनच बजावायला घेतला होता. कालव्यातून बोटी जातात हे मात्र त्यांना काही केल्या पटत नव्हतं. “आमच्या कालव्यात आवर्तन सुटलं तरी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी जाताना मारामार,” ते म्हणाले, “आणि हे लोक त्यात संडास असलेली बोट चालवतात?”

ऑम्प्स नावाच्या छोट्या गावाच्या धक्क्यावर आमचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षण म्हणजे अर्ध्या तासाचा वर्ग. एका तरुणाने स्टिअरिंग दाखवलं, पुढे-मागे जायचा दांडा दाखवला, भोंगा वाजवून दाखवला. बोटीभोवती लोंबणारे हवेचे फेंडर कशासाठी आहेत हे सांगताना तो आमच्याकडे पाहून उगाच हसला. संडासाचा पंप त्याने सर्वांत सविस्तर समजावला, यावरून गिऱ्हाइकं नेमकी कुठे अडतात ते कळलं. मग नियम: उजव्या बाजूने चालवा, आंधळ्या वळणावर भोंगा द्या, पुलाखाली डोकी सांभाळा, कालव्यात ताशी आठ किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि धक्क्याला बांधलेल्या बोटींजवळून जाताना तीनवर या. शेवटी त्याने जावईबापूंच्या नावाने तात्पुरतं कार्ड दिलं. भाड्याची मुदत संपली की कार्डाचीही संपते.

साडूंनी ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “यावर सही-शिक्क्यापलीकडे काही नाही,” ते म्हणाले. आयुष्यभर सही-शिक्क्यावर धरणं बांधलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला नवल वाटलं.

पण त्यांना खरा धक्का बसला तो हा कालवा कोणी बांधला हे कळल्यावर. पिएर-पॉल रिके हा इंजिनिअर नव्हताच. तो मिठाचा कर वसूल करणारा माणूस होता. आपल्याकडे मिठाच्या करातून दांडीयात्रा निघाली, त्यांच्याकडे कालवा निघाला. चौदाव्या लुईने 1666 मध्ये हुकूम काढला आणि 1681 मध्ये कालवा खुला झाला. त्याआधी काही महिनेच, 1680 मध्ये, रिके वारला. स्वतःचा पैसा ओतला होता, मागे वारसांना कर्ज ठेवून गेला. हजारो मजूर कामावर होते, त्यांत बायका पुष्कळ.

“डिग्री नाही?” साडूंनी विचारलं.

“नाही.”

“खात्यातला अनुभव?”

“वसुली खात्यातला.”

“आणि पंधरा वर्षांत पूर्ण? सुधारित प्रशासकीय मान्यता किती वेळा घेतली?”

याचं उत्तर जावईबापूंच्या माहितीपुस्तकात नव्हतं. पण रिकेने सोडवलेला मुख्य प्रश्न त्यात होता आणि तो वाचून साडू गप्प झाले. कालवा मधल्या उंचवट्यावर चढवायचा, तर तिथे पाणी कुठून आणायचं? पाणी काही आपण होऊन चढ चढत नाही. रिकेने माँतान्य नुआर, म्हणजे काळ्या डोंगरातले ओढे अडवले, सँ-फेरेओलला धरण बांधलं आणि ते पाणी पाटाने नोरूझच्या पाणलोटावर आणून सोडलं, तिथून ते दोन्हीकडे वाहू लागलं. डोंगराच्या पायथ्याशी कर गोळा करत फिरणाऱ्याने हे पाहून ठेवलं होतं. साडूंनी चष्मा पुसला. “मिठाच्या खात्यात असून...” एवढंच ते म्हणाले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या परवाना नसलेल्या माणसाविषयी खात्याकडून यापेक्षा जास्त कौतुक होत नसतं.

अशा माणसाच्या कालव्यावर बिनपरवान्याने बोट चालवणं, मला वाटतं, परंपरेला धरूनच होतं.

आता बोट. मोटारीत तुम्ही स्टिअरिंग वळवता तिकडे नाक जातं. बोटीत स्टिअरिंग फिरवलं की आधी काहीच होत नाही. म्हणून माणूस आणखी फिरवतो. मग पाठीमागचा भाग भलतीकडे सरकतो, नाक उलट बाजूला जातं आणि माणूस घाबरून चाक पुरतं उलटं फिरवतो. म्हशीने पाण्यात बसल्यावर आपलं ऐकावं एवढंच ती ऐकते: सांगितलेलं तिला समजतं, पण ते करायचं कधी हे ती ठरवते. ब्रेक नावाची वस्तू नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा आणि रिव्हर्समध्ये सुकाणूची सत्ता जवळजवळ संपते. यावर सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे काहीही न करणं. चाक थोडंसं वळवायचं आणि वाट पाहायची. पण मराठी मध्यमवर्गीय माणसाला एकवेळ बोट चालवता येईल, काहीही न करता वाट पाहणं जमणार नाही. विशेषतः पाठीमागे पाच सल्लागार उभे असताना.

सुकाणूवर पहिली पाळी साडूंनी मागून घेतली. ऑम्प्सहून पूर्वेला निघालं की लगेच ओन्योंचं लॉक येतं, तेही जोडलॉक. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडून द्यायचं, बोट खालच्या पातळीला उतरली की पुढचं दार उघडायचं. दारं चालवायला कर्मचारी असतो. दोऱ्या आपण धरायच्या. या कालव्यावरची लॉक सरळ चौकोनी नसून पोटाशी फुगलेली, लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंतीचं एक लॉक मातीच्या दाबाने कोसळलं, म्हणून रिकेने भिंतींना कमानीचा बाक दिला. स्थापत्याच्या दृष्टीने उत्तम. पण मधे साधारण अकरा मीटर रुंद पोट असल्यामुळे बारा मीटरच्या बोटीला आत शिरल्यावर तिरपं व्हायला ऐसपैस जागा मिळते.

खाली उतरताना दोरीचा नियम एकच: ती बांधायची नाही. काठावरच्या खुंटाला वेढा देऊन टोक हातात धरायचं आणि पाणी उतरेल तसतशी सैल सोडत जायचं. बांधून ठेवलीत तर पाणी खाली जातं आणि बोट दोरीला टांगून राहते. मी पुढच्या दोरीवर, जावईबापू मागच्या दोरीवर, साडू चाकावर आणि महिलावर्ग सर्वसाधारण देखरेखीवर, अशी कामं वाटली होती.

या योजनेत एक दोष होता, तो रिकेलाही सुचला नसता. आमच्या बायकांना नवऱ्याला हाक मारायला एकच शब्द आहे आणि बोटीवर असे नवरे दोन होते. बोट लॉकच्या पोटात शिरली, नाक भिंतीकडे झुकलं आणि सौभाग्यवती ओरडल्या, “अहो, सोडा!” मी तत्परतेने दोरी सोडली. साडूंनी तितक्याच तत्परतेने स्टिअरिंग सोडलं. बोटीने मोकळा श्वास घेतला आणि सावकाश आडवी होऊ लागली. मेहुणी ओरडली, “अहो, धरा!” साडूंनी धावत येऊन माझी दोरी धरली आणि मी धावत जाऊन त्यांचं चाक धरलं. काठावर आइस्क्रीम खाणारे प्रवासी खाणं थांबवून पाहू लागले. एका आजींनी नातवाला चांगलं दिसावं म्हणून उचलून घेतलं.

लॉकच्या कर्मचाऱ्याने कॉफीचा कप खाली ठेवला, लांब काठीच्या आकड्याने आमची दोरी उचलली, खुंटाला वेढली आणि कप पुन्हा उचलला. चेहऱ्यावर राग नाही, दया नाही. हंगामात तो हेच दिवसभर पाहत असणार.

त्यानंतर लेकीने व्यवस्था सुधारली. “पुढचे अहो, दोरी सैल करा. मागचे अहो, चाक सोडू नका,” अशा आज्ञा निघू लागल्या आणि पेश्लोरियेचं जोडलॉक आम्ही भिंतीला अगदी माफक घासून पार केलं. आर्जांसच्या लॉकपाशी पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि दार बंद होतं. कर्मचारी जेवायला गेला होता. आपल्याकडे दुपारी दुकानं बंद होतात. इथे कालवाच जेवायला जातो. रांगेत जर्मन, इंग्रज आणि आम्ही, सगळे मुकाट बोटी बांधून बसलो. कोणी भोंगा वाजवला नाही. तासाभराने कालव्याचं जेवण आटोपलं.

आर्जांसनंतर बेझिएपर्यंत चोपन्न किलोमीटर एकही लॉक नाही. नवख्यांनी हा टप्पा निवडावा, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. ताशी आठ किलोमीटर हा वेग किती असतो, हे इथे समजतं. काठच्या वाटेवरून, जिथून पूर्वी घोडे बोटी ओढत, सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात. धावणारे मागे टाकून जात. कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा बराच वेळ आमच्या बरोबरीने होते. मधे कुत्रा थांबला म्हणून आम्ही पुढे गेलो.

रेप्युद्रला कालवा नदीवरून जातो. 1676 चा दगडी पूल आणि त्यावरून पाणी, पाण्यावरून बोट. साडूंनी टोपी काढून हातात घेतली. काप्स्तांगचा कमानीचा पूल इतका बुटका, की बोटीवरची छत्री मिटवून आम्ही सगळे चक्क आडवे झालो. मेहुणी तर पूल मागे पडल्यावरही सावधगिरी म्हणून पडून राहिली. मधेच सावली अचानक संपते आणि उघडाबोडका काठ लागतो. तिथली चिनाराच्या कुळातली जुनी प्लेन झाडं बुरशीच्या रोगाने गेली. 2006 मध्ये रोग सापडला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडून जाळावी लागली. त्यांच्या जागी लावलेली रोपं अजून काठीच्या आधाराने उभी आहेत. त्या टप्प्यात बोटीवर कोणी विनोद केला नाही.

संध्याकाळी काठावर लोखंडी खुंट्या ठोकून बोट बांधायची आणि शेजारच्या बोटींशी ओळख करून घ्यायची. तेव्हा कळतं की त्या साऱ्या कप्तानांपैकी बहुतेकांकडे परवाना नाही. कोणी पुलाला घासलं होतं, कोणाचा खुंट्या ठोकायचा हातोडा पाण्यात गेला होता, कोणी लॉकमध्ये दोरी बांधून टांगलं गेलं होतं. आपल्याकडे शिकाऊ माणूस गाडीला ‘एल’ची पाटी लावतो. इथे ती लावायची तर सगळ्यांनाच लावावी लागेल, म्हणून कोणी लावत नाही.

हे औदार्य फ्रान्सपुरतं नाही. जर्मनीने 2012 पासून बहुतेक ठिकाणी पंधरा अश्वशक्तीपर्यंत परवाना माफ केला, ग्रीसच्या बेटांवर तीसपर्यंत बोट भाड्याने मिळते, इटलीत चाळीसपर्यंत. पण त्या यादीला भुलून कोणी समुद्रात उडी घेऊ नये. कालव्यात चूक झाली की फेंडर दबतो, रंग जातो आणि पाण्यात पडलेला माणूस बहुधा चिखलात उभा राहतो. ग्रीसच्या समुद्रावर उन्हाळ्यात दुपारी वारा उठला की तो तुम्हाला परवाना आहे की नाही हे विचारत नाही. तिथे हवामान विचारून, लाइफ जॅकेट घालून आणि किनारा नजरेत ठेवून जावं.

माझं मत झालं ते असं: परवाना वाहनाला नसतो, वेगाला असतो. रस्त्यावर क्षणाची चूक जिवावर बेतते, म्हणून तिथे आठचा आकडा काढायला लावतात ते योग्यच आहे. आठ किलोमीटरच्या वेगात चूक दिसायला वेळ मिळतो, ओरडायला वेळ मिळतो, दुसऱ्याला धावत येऊन दोरी धरायला वेळ मिळतो. तेवढ्या वेळाच्या भरवशावर फ्रेंच सरकार अनोळखी माणसांच्या हाती बोटी देतं आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंती त्या माणसांचे धक्के सोसत उभ्या आहेत.

तेव्हा जाच. अनामतीचा विमा घ्या, दोरीसाठी हातमोजे न्या, तिघांपेक्षा कमी माणसं असतील तर लॉकचा टप्पा टाळा. बोटीवर दोन ‘अहो’ असतील तर निघण्यापूर्वीच पुढचे कोण आणि मागचे कोण हे ठरवून टाका. आणि पाटबंधारे खात्यातले नातेवाईक असतील तर त्यांना जरूर न्या. त्यांच्याइतकी त्या कालव्याची कदर दुसरं कोणी करणार नाही. फक्त सुकाणू त्यांच्या हाती देऊ नका.