पहिला शोध, हजारावा शोधक

आवडता इंडी बँड बहुधा बारावीचा निकाल आणि पहिला पगार यांच्यामधल्या काळात सापडतो. 'इंडी' म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी काढणारा. चाहत्याच्या लेखी मात्र शेजारच्या खोलीत कोणी न ऐकलेला. दिल्लीच्या 'द लोकल ट्रेन'चा पहिला अल्बम 'आलस का पेड़' २०१५ साली आला आणि हा बँड आपणच प्रथम शोधल्याची खात्री हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकेकाला झाली. त्यातले 'छू लो' पुढे धाकट्या बहिणीच्या तोंडी आले, तेव्हा बँड 'बिघडला' असे ठरले. (गाणे तेच, सूरही तेच.) २०२२ मध्ये गायक रमण नेगी बाहेर पडला. तोवर चाहत्याच्या पगारातून पीएफ कापला जाऊ लागला होता.