शिट्टीवाले सर

सर जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, पिंपळगाव रेणुकाईकडच्या एका खेड्यात. परिपाठाला त्यांनी शिट्टी तोंडाला नुसती लावली, तरी शंभरेक लेकरं हातभर अंतर घेऊन रांगेत उभी राहतात. घरी दोनच आहेत. सकाळी साडेसहाला सर तीच शिट्टी भोकरदनच्या घरात फुंकतात. आमची अख्खी गल्ली उठते, ती दोन उठत नाहीत. दोघंही इंग्रजी शाळेत जातात. यावर गल्लीत कोणी बोलत नाही; निदान सरांसमोर तरी नाही.

मग सरांनी तक्ता केला. फळ्यावर सुविचार लिहितात, तसल्याच वळणदार अक्षरात. थोरलीने अंथरुणं घडी घालायची, धाकट्याने दुधाची पिशवी आणायची, बाटल्या भरायच्या. काम झालं की लाल चांदणी. पहिल्या आठवड्यात एवढ्या चांदण्या पडल्या, की सर केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यावर बोलले. नंतर कळलं, धाकटा चांदण्या आपल्या हातानेच काढतो आणि दूध त्याची मम्मी आणते.

धाकटा तिसरीत आहे. चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आत भरवायची नाही, असं सरकारने 2024 साली सांगितलंय, हे त्याला सरांच्याच मोबाइलवरून कळलं. तेव्हापासून गोधडीतून आवाज येतो, ‘‘पप्पा, सरकारी आदेश!’’

आदेशाला उत्तर नसलं की सर इतिहासात शिरतात. ‘‘अरे, हे भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन आहे! 1973 च्या उत्खननात इथं हस्तिदंती मूर्ती निघाली. तसलीच तिकडं इटलीत, पाँपेईला सापडली. दोन हजार वर्षांखाली इथला माल समुद्रापार जायचा, अन् तुझं दप्तर दारापर्यंत जाईना!’’

थोरली उशीवरूनच विचारते, ‘‘पप्पा, त्यांची व्हॅन किती वाजता यायची?’’

प्रश्न विचारणारी मुलं सरांना फार आवडतात. शाळेत.

एवढ्या वेळात वहिनींचे दोन डबे भरून झालेले असतात, नळ आलेला असला तर हौदही. व्हॅनचा हॉर्न वाजतो तेव्हा दोघं मोजे-बूट घालून दारात उभी. वहिनींचा आवाज मात्र आम्ही भिंतीला भिंत असून कधी ऐकलेला नाही.

हल्ली तक्त्याच्या तळाशी वहिनींच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे : ‘पप्पा – ओला टॉवेल पलंगावरून उचलणे.’ त्या ओळीत अजून एकही चांदणी पडलेली नाही.