दाजींचा सूर्य

जयपूरहून टोंकच्या रस्त्याला लागलात की चाळीसेक किलोमीटरवर चाकसू येते. गावाची ख्याती शील की डुंगरीवरच्या शीतलामातेमुळे. आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमीला तिथे मोठी जत्रा भरते. देवीला आदल्या दिवशी रांधलेला गार नैवेद्य दाखवतात, भक्तही तोच खातात आणि त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. देवीचे वाहन गाढव. थोडक्यात, आजचे शिजवून उद्यासाठी ठेवण्याचे शास्त्र या गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आणि ओझे कोणी वाहायचे हेही तिथे कधीचेच ठरून गेले आहे.

आमचे दाजी मूळचे कराडचे, नोकरीपायी चाकसूचे झाले. त्यांनी गच्चीवर सोलर बसवायचे मनावर घेतले आणि मला फोन केला. "सूर्य फुकट असतो ना?" म्हटले, असतो. "मग कोटेशनमध्ये एवढी शून्ये कशाची?"

कोटेशने तीन होती. एकाचे तंत्रज्ञान जर्मन होते, दुसऱ्याचे जपानी. तिसरा म्हणाला, सबसिडी हवी असेल तर पॅनेलच काय, त्यातला सेलसुद्धा भारतात बनलेला लागतो. हे कानावर जाताच पहिल्या दोघांचेही तंत्रज्ञान संध्याकाळपर्यंत भारतात येऊन दाखल झाले.

मग तिसरा गच्चीवर चढला, डोळे बारीक करून दक्षिणेकडे पाहत म्हणाला, "सत्ताईस डिग्री का झुकाव, साब. हमारा खुद का रिसर्च है." हाच रिसर्च सवाई जयसिंहांनी जयपूरच्या जंतरमंतरात दगडचुन्यात करून ठेवला आहे. १७३४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची उतरती भिंत बरोबर २७ अंशांत कलली आहे, कारण जयपूरचे अक्षांशच तेवढे. ते यंत्र सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगते. त्याला वॉरंटी कार्ड नाही, आणि एवढ्या वर्षांत एकदाही त्याचा इन्व्हर्टर जळालेला नाही.

पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. मे महिन्यात चाकसूत हे तापमान फक्त बँकेच्या एटीएममध्ये सापडते. बाहेर पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे राजस्थानात पॅनेल लावायचे ते उन्हासाठी, आणि त्याला सोसत नाही तेही ऊनच. वर धूळ, कबुतरे आणि वानरे. यांचा उल्लेख एकाही माहितीपत्रकात नव्हता. माहितीपत्रकातल्या गच्चीवर फक्त एक हसतमुख कुटुंब होते.

पण खरा संवाद पुढे झाला.

"दुपारी लाईट गेली तर?" दाजींनी विचारले.

"तो ये भी बंद, साब."

"अरे, वर सूर्य आहे की!"

"सूर्य है. ग्रिड नहीं है."

कारण अगदी रास्त आहे. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईनमधली वीज गेली की स्वतःहून थांबतो, नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज बाहेरच्या तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल. यावर वाद घालता येत नाही. दाजी वाद घालता न येणाऱ्या गोष्टींवर फार चिडतात. ज्या राज्यात २,२४५ मेगावॉटचे भडला सौर उद्यान आहे, जिथे २०२५ मध्ये वाहून न्यायला तारा अपुऱ्या पडल्या म्हणून मोठ्या प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करायला लावले गेले, तिथे डोक्यावर सूर्य घेऊन दाजींनी हाताने वारा घालत बसायचे.

उपाय एकच, बॅटरी. आणि विक्रेत्याचा प्रश्नही एकच, "बैकअप कितना चाहिए?" ताईला फ्रिज आणि मिक्सर हवा होता. भाच्याला फक्त वायफाय. एवढा निःस्पृह मुलगा विरळा. दाजींच्या मातोश्री म्हणाल्या, "मला काही नको. देवघरातला दिवा तेवढा. आणि रात्रीचा एसी."

हिशोब असा की १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावते. ती टिकावी असे वाटत असेल तर निम्मीच वापरायची. राहिले ०.९ युनिट. दीड टनाचा एसी तेवढे तासाभरात गिळतो, मग आजी आणि देवघरातला दिवा दोघेही अंधारात. लिथियमची बॅटरी जवळजवळ पूर्ण रिकामी करता येते, जास्त वर्षे चालते, डिस्टिल्ड वॉटर मागत नाही. मागते फक्त पैसे.

इथे सरकारी योजनेतली मेख कळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली' योजनेत १ कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये आहेत. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तीला ७८ हजार. बॅटरीला छदामही नाही. सरकारचे म्हणणे असे असावे की दुपारची वीज आमच्या तारेत सोडा, रात्री मीटर उलटसुलट करून परत घ्या. मधल्या काळात आमच्यावर विश्वास ठेवा. विश्वासाला अनुदान आहे. संशय ज्याचा त्याने स्वखर्चाने करायचा, आणि तो किलोवॉट-तासांत मोजून मिळतो.

दाजींनी तीन किलोवॉटचा विश्वास घेतला, आणि जिन्याखालची जुनी ट्यूब्युलर बॅटरी संशय म्हणून ठेवून दिली. दिवसाला सरासरी बारा युनिट गच्चीवरून जातात. लाईट गेली की आख्ख्या गल्लीचे मोबाईल जिन्याखाली येतात.

मी फोनवर सहज सांगितले की आमच्याकडे २०२५ च्या सुरुवातीला चर्चेत आलेल्या दरप्रस्तावात महावितरणने म्हटले होते, छतावर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये बनलेली वीज त्याच वेळेतल्या वापरातून वजा होईल, रात्रीच्या वापरातून नाही. ग्राहक संघटना खवळल्या होत्या. दाजी बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जिन्याखाली पाटी लागली: मोबाईल चार्जिंग दुपारी मोफत, संध्याकाळी सातनंतर दहा रुपये, देवघर वगळता सर्वांना लागू. शेजाऱ्यांनी लेखी हरकत घेतली आहे. सुनावणी रविवारी सकाळी गच्चीवर, पॅनेलच्या सावलीत. सर्वांनी यावे, येताना पुसायला एक फडके आणावे.